शाळेत मुलांची उंची-वजन दरवर्षी मोजावीत का? कोल्हापूरपुरती चर्चा

पंचगंगेकाठचा
गेल्या काही वर्षांत शहरातली लहान मुलं वजनानं वाढलीत, असं इथं प्रत्येक जण म्हणतो. आकडा मात्र कुणाकडेच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुलं वर्षातून एकदा तपासायची असतात. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा त्यात येत नाहीत. घरातून रिक्षात, शाळेतून क्लासला आणि क्लासवरून थेट मोबाइलकडे, अशी दिनचर्या असलेली किती मुलं या शाळांत आहेत ते आपण रोज बघतो. म्हणजे ज्यांच्याबद्दल शंका आहे तीच मुलं मोजणीबाहेर.

माझी मागणी साधी आहे. शहरातल्या प्रत्येक शाळेत फक्त पहिली आणि सहावीची मुलं दरवर्षी जुलैत मोजा. मुलाचं नाव शाळेबाहेर जाऊ नये. प्रभागवार टक्केवारी मात्र महापालिकेनं जाहीर करावी.

खडूफळा
मी शिक्षिका आहे, माझा विरोध आहे. मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगते. काटा व्हरांड्यात ठेवलेला, भिंतीला टेप चिकटवलेली, मागं अख्खा वर्ग रांगेत. लिहिणारा लांब बसलेला, म्हणून आकडा मोठ्यानं ओरडून सांगायचा. एखाद्या पोरीचा आकडा ऐकून मागं खसखस पिकली की तिला जे नाव पडतं ते दहावीपर्यंत सुटत नाही. ते नाव पुसायला कुठली महापालिका येणार आहे? त्यात आमच्यामागं निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं आधीच आहे.

राधानगरीकडचा
शहरातल्या लोकांना लठ्ठपणाचं पडलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. जादा वजनाची ४ टक्क्यांच्या आसपास. पैसा आणि माणसं कुठं लावायची हे ठरवायला अजून कुठली मोजणी पाहिजे? आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर या, मग बोला.

पंचगंगेकाठचा
@राधानगरीकडचा, दादा, काटा तोच आणि टेपही तीच. एकाच मोजणीत खुजं मूलही कळतं आणि जाडंही. शिवाय हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानानं जास्त असतं. पोटात असताना उपासमार झालेल्या मुलाला पुढं बिस्किटं, वेफर्स आणि बसून राहणं मिळालं तर मधुमेह लवकर गाठतो. तुमच्या वाडीवरची पोरं उद्या शिकायला कोल्हापुरातच येणार आहेत.

लाल माती
आमच्या तालमीत येणारी पोरं तुमच्या बीएमआयवर लठ्ठच निघतील. बारा वर्षांचं पोरगं, रोज जोर-बैठका, दूध-बदाम, मांड्या बघा त्याच्या! बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, बास. त्यात चरबी कुठली आणि ताकद कुठली, हे त्या आकड्याला कळत नाही. उगाच घरी चिठ्ठी गेली तर आई खुराक बंद करायची.

आरोग्यखात्यातला
@लाल माती, एका मुलाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून एका आकड्यावरून कुणाला लठ्ठ म्हणू नये. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे का तेही बघावं. पण इथं प्रश्न पाच-दहा वर्षांतला कल बघण्याचा आहे. तालमीतली पोरं दरवर्षी साधारण तेवढीच असतील तर त्यांच्यामुळं कल वर चढणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे. मोजणीच धड होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलग्याची लठ्ठपणाची रेषा बीएमआय २१.४ च्या आसपास आहे. मूल १४० सेंटिमीटर आणि ४२ किलो असेल तर ते बरोबर रेषेवर येतं. त्याला बूट घालून मोजलं आणि उंची १४३ लिहिली, तर बीएमआय २०.५ होतो आणि ते मूल यादीतून निसटतं. एका वर्षी बूट काढून आणि पुढच्या वर्षी घालून मोजलं, तर लठ्ठपणा कमी झाला अशी बातमी छापून येईल.

नीट केलं तर काय मिळतं तेही सांगतो. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून ४-५ आणि १०-११ वर्षांची मुलं दरवर्षी मोजतात. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, लहान गटातला लठ्ठपणा ९.९ वरून १४.४ टक्क्यांवर गेला आणि पुढच्या वर्षी १०.१ वर उतरला. मोठ्या गटात २१ वरून २५.५ झाला, पण २३.४ पर्यंतच उतरला. मोठी मुलं पूर्ववत झाली नाहीत, हे सलग मोजणी होती म्हणूनच दिसलं. सुरुवातीच्या वर्षांत तिथं जादा वजनाची मोठी मुलं मोजणी टाळायची आणि आकडा खरा होता त्याहून कमी दिसायचा. व्हरांड्यातल्या रांगेनं आपल्याकडेही तेच होईल. त्यामुळं @खडूफळा यांचा मुद्दा आकड्याच्या खरेपणाचाही आहे.

शाहूपुरीतली आई
माझ्या मुलीच्या शाळेनं वजनाचा शेरा थेट प्रगतिपुस्तकात लिहिला. तिनं पंधरवडाभर डबा जसाच्या तसा परत आणला. नऊ वर्षांची मुलगी! घरी कळवून मुलांचं वजन उतरतं याला पुरावा आहे का कुणाकडे?

आरोग्यखात्यातला
ताई, कॅलिफोर्नियात यावर मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांना बीएमआयचं पत्र पाठवून मुलांच्या वजनात फरक पडला नाही. शाळेत वजन झालेल्या मुलांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र कमी झालं. म्हणून मोजणी कल समजण्यासाठी करावी, शेऱ्यासाठी नको.

खडूफळा
मग कल कळल्यावर पुढं काय? शाळेच्या ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकू नयेत, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० चा आहे. आमच्या फाटकासमोर सुट्टीत काय विकलं जातं ते येऊन बघा. त्यासाठी कुठल्या आकड्याची वाट बघताय?

पंचगंगेकाठचा
बाई, गाडा उद्याच हटवा, माझी साथ आहे. पण गाडा हटवून, मैदान उघडून, पीटीचा तास गणिताला न देता फरक पडला की नाही, हे पाच वर्षांनी कशावरून ठरवणार? ज्या प्रभागात मुलांना खेळायला जागाच उरली नाही तिथला आकडा चढताना दिसला, तर नगरसेवकाला जाब विचारता येईल. आज आपल्याकडे नुसती तक्रार आहे. पडद्याआड, बूट काढून, एकेका मुलाला बोलवून मोजणी झाली आणि ती आरोग्यसेविकांनी केली, शिक्षकांनी नाही, तर तुमची हरकत राहील का?

खडूफळा
पडदा आणि वेगळी माणसं आधी येऊ देत. आणि आकडा मुलालाही सांगायचा नाही, वर्गशिक्षकालाही नाही. एवढं लेखी मिळालं तर माझ्या वर्गापासून सुरुवात करा.

शाहूपुरीतली आई
आणि नको म्हणायचा हक्क पालकांना पाहिजे. तो अर्जावर छापलेला दिसल्याशिवाय मी सही करणार नाही.