पूजा नको, पण पाळणा हवा. मग ते बारसं नाही?

मुळामुठा
परवा एका बाळाच्या आईने साधा प्रश्न विचारला होता. कर्वेनगरच्या हॉलमध्ये बारसं आहे. पूजा नको, राशीचं अक्षर नको, पण पाळणा, आत्या, घुगऱ्या हव्यात, तर कसं बसवावं? त्यावर एका काकांचं उत्तर: ‘देव नको तर बारसं कशाला? केक कापा आणि मोकळे व्हा.’ डोकंच फिरलं.

काका, तुमच्या घरच्या बारशाला भटजी आले असतील ते सकाळी, आणि जेवणाआधी दक्षिणा घेऊन गेलेही असतील. संध्याकाळचा पाळणा बायकांचाच. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून द्यायचं, आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. यात मंत्र कुठे आला? आणि जोतीरावांनी याच पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. भटजीवाचून कार्य करणं हे काल आलेलं फॅड नाही.

शनिपारचा_वाटसरू
तो काका मीच. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक, तो गाळून उरलेल्याला खुशाल पार्टी म्हणा. आणि गोविंद-गोपाळ कोण, सोसायटीचे वॉचमन? जोतीरावांचं नाव घेताना तर जपूनच. ते निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत होते, नास्तिक नव्हते.

मुळामुठा
निर्मिकाचं मान्य. तुमच्या तोंडून जोतीराव ऐकले, भरून पावले.

हडपसरवाला
आमच्याकडे ‘कुणी जोती घ्या, कुणी साऊ घ्या’ म्हटलं. चालीत चपखल बसतं.

सासवडची_सून
माझा मुद्दा वेगळाच आहे. आत्याच का? टाके मला, जागरणं मला, बाळंतविडा माझ्या माहेरचा, आणि नाव ठेवणार नणंद! वर तिला पैठणी, तिच्या सासूला साडी, जावयांना पाकीट. बाई आली उशिरा, तोवर पोरगी कुंचीची नाडी चोखत रडून रडून झोपली. मग तिला उठवून नाव ठेवलं.

दोन_भाच्यांची_आत्या
आत्यांना नावं ठेवायचं काम नाही! माझ्या पाठीत धपाटे पडले तेव्हा एकीच्या हातात पाटल्या होत्या, आठवडाभर वळ होता. पैठणी कसली, ब्लाउजपीस मिळाला.

सासवडची_सून
मग तुमची वहिनी हुशार.

दाखलेवाला
भांडा निवांत. कानात कुणीही काहीही सांगो, महापालिकेच्या दाखल्यावर काय येतं ते बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नाव ठरलेलं नसलं तरी होते. वर्षभरात नाव फुकट घालता येतं. पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे मुहूर्ताची घाई सरकारलाही नाही. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सूनबाई, तुमचं नाव आलंच की.

सासवडची_सून
माझी २०२१ ची. चोळा मीठ.

नातीची_आजी
मी विधवा आहे. नातीच्या बारशाला हळदीकुंकवाचं ताट माझ्यासमोरून सरळ पुढे गेलं. पाळण्याची दोरी धरायला हात पुढे केला, तर विहीणबाई म्हणाल्या, ‘तुम्ही बसा, दमला असाल.’ मुलगा शिकलेला, तो फोटोवाल्याला जागा करून देत होता. तुमच्या या बिनदेवाच्या बारशात दोरी माझ्या हातात देणार का, तेवढं सांगा.

शनिपारचा_वाटसरू
आजी, हे चूकच झालं. पण असं कुठल्या देवाने सांगितलेलं नाही.

मुळामुठा
देवाने नाही, देवाच्या नावाखाली. आजी, पहिला झोका तुमचाच. त्या आईलाही हेच कळवते.

शनिपारचा_वाटसरू
कळवा. एवढं ऐकलंत तर दारात एक रांगोळी काढा, गणपती नको, नुसती ठिपक्यांची. तेवढ्याने तुमचा निधर्मीपणा बुडत नाही.

दोन_भाच्यांची_आत्या
आणि आत्याला काय द्यायचं ते आधीच ठरवा. ब्लाउजपीस नको.

सासवडची_सून
आल्याच या परत.