मदत हवी आहे: बर्फावर दिवसा क्रॅपी दिसतात पण गळाला लागत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी मूळची देवगडची, आता मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो त्यामुळे गळ, आमिष वगैरे काही नवीन नाही, पण बर्फाला भोक पाडून मासे धरतात हे इथे आल्यावर कळलं आणि आता हिवाळा त्याच्यासाठीच आहे असं वाटायला लागलंय. ब्लूगिल लागतात, पर्च लागतात, अडलंय ते क्रॅपीवर.

इथे कुणालाही विचारा, उत्तर एकच. क्रॅपी हा दिवेलागणीचा मासा, ऊन कललं की ये आणि अंधार पडेपर्यंत बस. अहो पण जानेवारीत इथे पाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळेला घरी मुलांचे क्लासेस, स्वयंपाक, नवऱ्याचे कॉल सगळं एकदम असतं. मला मोकळा वेळ मिळतो तो शनिवारी सकाळी दहा ते दुपारी अडीच-तीन, म्हणजे डोक्यावर लख्ख ऊन.

सामान साधंच आहे. सेकंडहँड फ्लॅशर (पाण्यातले मासे रंगीत रेघांनी दाखवणारं सोनार), ६ इंची हँड ऑगर (बर्फाला भोक पाडायचा हाताचा गिरमिट), दोन छोटे रॉड, ४ पाउंड ताण सोसणारी लाइन, एक जुना फ्लिप-ओव्हर तंबू. संध्याकाळी सगळे बसतात त्या गवताच्या कडेला, १०-१२ फुटांवर, दिवसा चिटपाखरू नसतं. मग मी खोल भागात गेले, २६-२८ फूट, खाली नुसता चिखल. तिथे तळापासून तीन-चार फूट वर फ्लॅशरवर रेघा दिसतात. जिग (वजन जोडलेला गळ) सोडली की त्यातली एक रेघ वर सरकते, हिरव्याची केशरी, केशरीची लाल होते, जिगच्या पार खाली येऊन थांबते, माझा श्वास अडकतो, आणि मग बाईसाहेब शांतपणे परत खाली. परत तेच. परत तेच.

तर दिवसा हे खातात तरी का? आमिष बदलू की जागा? एकाच भोकावर चिकाटीने बसायचं की फिरत राहायचं? आणि कृपा करून "संध्याकाळी जा" सांगू नका.

प्रतिसाद १
संध्याकाळी जा. 😀
सॉरी, राहवलं नाही. पुण्यात स्वेटर घालून धागा वाचतोय. एक बाळबोध शंका, बर्फ फुटत नाही का हो?

प्रतिसाद २
@प्रतिसाद १, फुटतो, म्हणून मोजून जायचं. इथल्या डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) आकडा सरळ आहे, नवीन पारदर्शक बर्फ किमान ४ इंच असेल तर पायी जा. पांढरा, बर्फवृष्टी मिसळून झालेला असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. गळ्यात आइस पिक्स (पाण्यात पडलात तर बर्फात रुतवून वर यायला टोकदार खिळे), अंगात तरंगणारा फ्लोट सूट, आणि लोखंडी पहार आपटत पुढे जायचं. तंबूत हीटर लावलात तर वरची खिडकी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. बास, आता ताईंच्या प्रश्नाकडे वळू.

प्रतिसाद ३
ताई, मासे तुम्हाला सापडलेत ही अर्ध्याहून जास्त लढाई झाली, दिवसा बहुतेक लोक इथेच हरतात कारण ते संध्याकाळच्या जागेवर सकाळी जाऊन बसतात.

भर हिवाळ्यात दिवसा क्रॅपी खोल चिखलाच्या बेसिनवर (तलावाच्या खोलगट भागात) का असतात ते बघा. बर्फाच्या लगत पाणी शून्याजवळ, आणि सगळ्यात जड पाणी ४ डिग्री सेल्सियसचं, ते तळाशी, म्हणजे तळच त्यातल्या त्यात उबदार. त्यात उथळ भागातलं गवत मेलं की कुजताना ऑक्सिजन खातं. आणि मुख्य म्हणजे जेवण. चिखलात मिज माशीच्या अळ्या असतात, त्यातली एक जात तर काचेसारखी आरपार दिसते, ती दिवसा तळाशी दडून राहते आणि अंधार पडला की पाण्यात वर चढते. संध्याकाळी क्रॅपी का चेकाळतात त्याचं एक कारण हे, जेवण स्वतःहून ताटातून उठून तोंडाशी येतं. पुढच्या वेळी एखादा साफ करताना त्याचं पोट उघडून बघा, बोटांवर चिकट राखाडी लगदा येईल, भिंगाखाली धरला तर अळ्या आणि डॅफ्निया (पाण्यातले सूक्ष्म जीव). तो एवढं बारीक खातोय आणि आपण त्याला काय दाखवतो?

म्हणून विचारतो, जिग केवढी आणि वर काय लावलंय?

धागाकर्ती
१/१६ औंसाची गुलाबी जिग, त्याला अख्खा फॅटहेड मिनो (आमिषाचा छोटा मासा). दुकानदाराने हेच दिलं, म्हणाला क्रॅपीला मिनोच हवा.

प्रतिसाद ३
संध्याकाळी चालेल हो ते. दुपारच्या उन्हात मात्र ३ किंवा ४ मिलिमीटरची टंगस्टन जिग घ्या, शिसं नको, टंगस्टन त्याच आकाराला जड असतं त्यामुळे २८ फूट पटकन जातं. टोकाला एक वॅक्सवर्म किंवा दोन स्पाइक (दोन्ही आमिषाच्या अळ्या), नाहीतर केसासारखं शेपूट असलेलं बारीक प्लास्टिक. लाइन २ पाउंडाची.

आता तुमच्या "बाईसाहेबां"बद्दल. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खातो. तुम्ही जिग त्याच्या पातळीला नेली की संपलं. रेघेच्या तीन-चार फूट वर थांबवा, नुसती थरथरवा, रेघ वर यायला लागली की तुम्ही पण जिग हळूहळू वर घ्या, इंच इंच, जणू पळून चाललीय. जो मासा पाच फूट पाठलाग करतो तो बहुतेक वेळा खातो. जो दोन फुटांवर थांबतो त्याला सोडा आणि दुसऱ्या भोकावर जा. तो खाणार नाहीये, तुम्ही कितीही नाचवलंत तरी.

आणि झटका मारू नका, या माशाचं तोंड कागदासारखं पातळ असतं, फाटतं. रॉड उचलायचा फक्त.

प्रतिसाद ४
वरच्यांचं सगळं बरोबर, माझी एक भर, जी कुणी सांगत नाही. तुमची जिग फिरतेय. स्पिनिंग रीलवरून लाइन सुटताना पीळ पडतो आणि २८ फुटांवर ती बारकी जिग भिंगरीसारखी गोल गोल फिरत राहते, आपल्याला वरून काय कळणार. क्रॅपी येतो, बघतो, अळी अशी फिरत नाही हे त्याला माहीत असतं, जातो. अगदी तुम्ही वर्णन केलंय तसंच. उपाय, खाली सोडल्यावर लाइन चिमटीत धरून पीळ उलगडेपर्यंत थांबा, किंवा सरळ इनलाइन रील (पीळ न पाडता लाइन सोडणारी) घ्या. आणि गाठ! जिग आडवी लटकली पाहिजे. प्रत्येक माशानंतर गाठ कडीवर सरकते, जिग तिरकी लटकते, मग कोणी खात नाही आणि आपण हवामानाला दोष देतो. बोटाने गाठ परत जागेवर सरकवा, दोन सेकंदाचं काम.

फ्लॅशरचं पण बघा. २० डिग्रीचा ट्रान्सड्यूसर (फ्लॅशरचा पाण्यात सोडायचा भाग) असेल तर २८ फुटांवर जवळजवळ १० फूट रुंदीचं वर्तुळ दिसतं. त्यात फिकट हिरवी रेघ म्हणजे मासा कडेला आहे, तुमच्या जिगखाली नाहीच. अशा वेळी चार-पाच पावलं सरकून नवीन भोक पाडलं तर तीच रेघ लालभडक होते.

धागाकर्ती
हँड ऑगर आहे हो माझा 😭 सारखी सारखी भोकं कोण पाडणार!

प्रतिसाद ४
ड्रिलवर बसणारा ऑगर मिळतो, नवऱ्याकडे चांगला कॉर्डलेस ड्रिल असेल तर ढापा. आल्या आल्या आधी दहा-पंधरा भोकं एकदम पाडून घ्यायची, बेसिनच्या उतारापासून मध्यापर्यंत, मग आवाज बंद, फक्त फ्लॅशर घेऊन फिरायचं. डीएनआरच्या लेकफाइंडरवर तुमच्या तलावाचा खोलीचा नकाशा असेल, घरी बसूनच उतार कुठे संपतो ते बघून ठेवा. तंबू शेवटी लावायचा, मासे सापडल्यावर. आधी तंबू लावला की माणूस उठत नाही.

प्रतिसाद ५
मी मिशिगनमध्ये. मिनोला एवढं मोडीत काढू नका राव. एका भोकात जिग नाचवायची आणि शेजारच्यात छोटा मिनो बॉबरखाली (तरंगत्या बोंडाखाली) नुसता सोडून द्यायचा, हाताळायचा नाही. जिगला बघायला येतात आणि मिनो खाऊन जातात, माझे निम्मे मासे तसेच येतात. मिनेसोटात बर्फावर दोन लाइन चालतात ना? आमच्याकडे तीन. मिनो मात्र बारका, दीड इंचाचा, पाठीत पंखाखाली अडकवा म्हणजे जिवंत राहतो.

दुसरं, तलाव बदलून बघा. पाणी जितकं नितळ तितकं दिवसा अवघड. चहाच्या रंगाचं पाणी असलेला तलाव जवळपास असेल तर तिथे ऊन खाली पोचतच नाही. तुमच्याकडचंच अप्पर रेड लेक, वॉलाय (इथला आवडीचा मासा) संपत आले म्हणून १९९९ मध्ये त्यांची मासेमारी बंद झाली, त्या सुमारास तिथे क्रॅपीचं एवढं पीक आलं की लोक लांब लांबून जायचे, २००६ ला वॉलाय परत खुले झाले तोवर ती लाट ओसरत आली होती. ते पाणी तसंच, दलदलीतून येणारं, तपकिरी.

प्रतिसाद ६
कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एवढ्या खोलातून वर काढलेला क्रॅपी सोडला तरी बरेचदा मरतो. वर येताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. पोहत खाली गेला म्हणजे वाचला असं नाही. २५ फुटांच्या खाली "मोठा मिळेपर्यंत सोडत राहू" हा खेळ करू नका. घरी लागतील तेवढे ठेवा आणि गाशा गुंडाळा. राज्याची मर्यादा दिवसाला १० आहे, काही तलावांवर त्याहून कमी, जाण्याआधी त्या तलावाचा नियम वाचा.

धागाकर्ती
@प्रतिसाद ६, हे माहीत नव्हतं, थँक्यू. आमच्या घरी चार-पाच पुरतात तशीही. आगळ, हळद-मीठ, तिखट, वरून तांदळाचं पीठ नि रवा. मांस मऊ असतं त्यामुळे तव्यावर एकदाच उलटायचं.

अपडेट देते. या शनिवारी ढग होते आणि आदल्या रात्री ताजा बर्फ पडलेला, त्यामुळे खाली उजेड कमी असणार, म्हणजे श्रेय नक्की कुणाला द्यायचं माहीत नाही. ४ मिलिमीटरची काळी टंगस्टन, एक वॅक्सवर्म. पीळ उलगडायला थांबले, खरंच फिरत होती! जिग वर वर घेत गेले तर एक रेघ मागोमाग पार वीस फुटांपर्यंत आली, आणि रॉडचं टोक खाली जायच्या ऐवजी सरळ झालं, वजनच गेलं. मला वाटलं जिग तुटली. उचललं तर मासा.

प्रतिसाद ४
हाहा, तेच! क्रॅपी खालून वर येत खातो त्यामुळे जिग उचलली जाते आणि स्प्रिंग बॉबर (रॉडच्या टोकाची लवचिक तार) वर येतो. खाली वाकायची वाट बघणारे अर्धे मासे घालवतात. अभिनंदन!

धागाकर्ती
दुपारी बारा ते दीडमध्ये डब्यापुरते मिळाले. दीडनंतर ऊन पडलं आणि परत तेच नखरे. ऊन असलेल्या दिवशी काय करायचं हा प्रश्न अजून आहेच, कुणाकडे काही असेल तर सांगा. आणि उरलेले मिनो पुढच्या शनिवारपर्यंत टिकवता येतात का? फेकायला जीवावर येतं.

प्रतिसाद ५
उन्हाच्या दिवशी मी बेसिनमधलं सगळ्यात खोल भोक धरतो आणि त्याच्या भोवती फावड्याने बर्फ परत ओढून ठेवतो, अंधार होतो जरा. फार फरक पडतो असं छातीठोक नाही सांगणार. मिनो टिकतात, पण तुमच्याकडे तलावाचं पाणी घेऊन निघता येत नाही, बादली तिथेच रिकामी करून घरून नेलेलं पाणी भरायचं. नळाचं नको, क्लोरीनने मरतील, बाटलीचं न्या. मग गॅरेजमध्ये थंडीत ठेवा, गोठणार नाही अशा कोपऱ्यात, आणि दहा-बारापेक्षा जास्त नको एका बादलीत. जे मरतील ते कचऱ्यात, तलावात टाकू नका.