जुनी मराठी पुस्तकं नव्याने हातात घेतलेले सध्या काय वाचताय?

ओसरीवरचा:
शाळेतल्या धड्यांपलीकडे जुनं मराठी न वाचलेल्या आणि आता हौसेने सुरुवात केलेल्या मंडळींसाठी हा धागा. सध्या काय वाचताय, आणि खरंच आवडतंय का? 'वाचलंच पाहिजे' छापाच्या याद्या नकोत. त्या बहुतेक ज्ञानेश्वरीपासून सुरू होतात आणि नवा माणूस पहिल्या अध्यायातच बसकण मारतो. मला साधारण १८५० ते १९६० मधलं गद्य हवंय. आधी काय आणि नंतर काय, आवृत्ती कुठली घ्यायची, आणि अनुस्वारांनी भरलेलं पान न अडखळता कसं वाचायचं, हे जाणकारांनी सांगावं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' उघडलीय. बरीच पानं झाली, यमूचं लहानपण काही संपेना. रेटू की ठेवू?

शिळाप्रेस:
ठेवा. पुस्तक वाईट नाही, पण सुरुवातीला घ्यायचं नाही. १८९० पासून ते 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होतं, म्हणजे वाचकाला आठवड्याला एक तुकडा मिळे. तेच सलग पन्नास पानं ओढलं की संथ वाटणारच. पुन्हा घ्याल तेव्हा रोज दोन प्रकरणं, त्याहून जास्त नाही. मुंबईच्या बिऱ्हाडापर्यंत पोचलात की पुस्तक आपोआप पुढे नेतं. लहानपणाचा भाग मात्र गाळू नका. माहेरी दादाशी यमूचं जे मोकळं बोलणं चालतं ते वाचलेलं नसेल, तर सासरच्या प्रकरणांतलं तिचं गप्प बसणं नुसतं गप्प बसणंच वाटेल.

आता क्रम. काळाच्या उलट्या दिशेने जा.

पहिलं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' (१९५५). छोटी कादंबरी, वाक्यं आखूड, निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त संवादांत. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच कथानक. घोळ होतो तो माणसांचा. कारभारी, शेकू, आयबू, आनंदा रामोशी, रामा असे एकामागून एक येतात आणि कोण कोण ते लक्षात राहत नाही. मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. यात 'गोष्ट' कधी सुरू होणार याची वाट बघू नका. तालमीची इमारत उभी राहते आणि मग दुष्काळ येतो, गोष्ट ती हीच.

दुसरं 'रणांगण' (१९३९). हीही छोटी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आणि चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण. विषयामुळे नवे वाचक याला चटकन धरतात. अडचण सुरुवातीलाच येते, कारण माणसं ओळख न देता बोलायला लागतात आणि काळ मागेपुढे होतो. पहिली काही पानं अर्धवट कळली तरी चालतील, पुढे उलगडतं. प्रस्तावना शेवटी वाचा, तीत सगळं कथानक फोडलेलं असण्याची शक्यता फार.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आणि त्यानंतर हरिभाऊ. मध्ये वाटलं तर 'इंदु काळे व सरला भोळे' (१९३४). कादंबरी पत्रांतून लिहिलेली असल्यामुळे कुठेही थांबता येतं. मात्र पत्रावरचं नाव आणि तारीख न बघता पुढे गेलात तर कोण कुणाला लिहितंय हेच हरवतं.

काजळदिवा:
मी नवीनच. स्मृतिचित्रे चालू आहे, दुसरा भाग. इतकं हसायला येईल असं वाटलं नव्हतं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, घरात येईल ती वस्तू धुऊन घेणं... बाई सांगतात अगदी सरळ चेहऱ्याने. एक शंका: माझ्या मैत्रिणीकडची प्रत बरीच बारीक आहे. हे असं का?

शिळाप्रेस:
तिची संक्षिप्त असणार. मूळ पुस्तक चार भागांचं, १९३४ पासून पुढे आलेलं. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनामुळे अपुरा राहिला आणि मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. अनुक्रमणिकेत चारही भाग आहेत ना ते बघूनच विकत घ्या. काटछाटीत आधी जातात ते घरगुती बारीकसारीक प्रसंग, आणि पुस्तकाचा जीव तर त्यांतच आहे.

रफार:
अनुस्वारांबद्दल. १९६२ साली साहित्य महामंडळाने लेखनाचे नवे नियम केले, त्याआधीची पुस्तके जुन्या पद्धतीने छापलेली आहेत. त्यांतले बरेचसे अनुस्वार उच्चारायचे नसतात. नवखा वाचक 'त्यानें' मनात 'त्यानेम्' असा वाचतो आणि दोन पानांत दमतो. पुढचे एवढे लक्षात ठेवले की काम भागते.

'केलें', 'झालें', 'असें', 'मुलें' हे बोलताना केलं, झालं, असं, मुलं. नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटी 'एं' दिसला की मनात 'अं' म्हणा, वाक्य लगेच ओळखीचे वाटते.

'त्यानें', 'मीं', 'तूं', 'नाहीं', 'येथें' यांवरचा टिंब सरळ सोडून द्या.

'घरांत' हे 'घरात' असू शकते आणि 'अनेक घरांमध्ये' असेही. जुन्या छपाईत दोन्ही सारखीच दिसतात, ते संदर्भानेच ठरवायचे.

आणि खरा उपयोगी टिंब क्रियापदावरचा. 'जातो' म्हणजे तो जातो, 'जातों' म्हणजे मी जातो. कर्ता गाळलेला असला की हा टिंबच सांगतो कोण बोलत आहे. यमूच्या निवेदनात 'गेलें' आले की बहुतेक वेळा 'मी गेले'. नव्या आवृत्त्यांत प्रकाशक कधी लेखन बदलतात, कधी नाही, आणि कधी निम्मेच बदलतात. हा शेवटचा प्रकार सर्वांत वैताग आणणारा. दुकानात मधलेच एखादे पान उघडून बघा.

नात्यांचे शब्दही अडवतात. मामंजी म्हणजे सासरे, किंवा सासरकडचे त्यांच्या वयाचे पुरुष. वन्सं म्हणजे नणंद. हे माहीत नसेल तर हरिभाऊंच्या कादंबरीत कोण कुणावर खेकसते आहे ते कळत नाही. हिशेबासाठी रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पई.

कोरडवाहू:
शिळाप्रेस, क्रम चांगला आहे, पण बनगरवाडी सोडली तर सगळं पांढरपेशांच्या माजघरातलं झालं. नव्या वाचकाचा असा समज होतो की जुनं मराठी म्हणजे एवढंच.

'धग' (१९६०) घाला. उद्धव शेळक्यांची नायिका कौतिक मराठी कादंबरीतल्या फार थोड्या बायकांच्या पंगतीत बसते. लोक वऱ्हाडी संवादांना बिचकतात, पण दोन खुणा पुरतात: 'मले, तुले' म्हणजे मला, तुला, आणि 'काहून' म्हणजे का. संवाद पुटपुटत वाचा, डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात. सलग मात्र वाचू नका. दारिद्र्य इतकं चढत जातं की मध्ये श्वास घ्यावा लागतो.

लहान काही हवं असेल तर ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२). पानं थोडी, पण वाक्यं लांबच लांब, आणि रागाच्या भरात एकाला एक जोडत गेलेली. प्रश्नचिन्ह आलं की थांबा, तोच एक विचार. हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं होतं, १९७५ साली स. गं. मालशांनी पुन्हा छापून आणलं. त्याला जोडूनच फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. लिहिलेला १८८३ चा. पहिल्या प्रकरणात भटभिक्षुकांच्या वसुलीची जंत्री लांबते. शेतकऱ्याच्या घराचं, भांड्याकुंड्यांचं, जेवणाचं वर्णन आधी शोधून वाचा आणि मग मागे या. बाबूराव बागूलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) तुमच्या हद्दीच्या जरासा बाहेर पडतो, तरी यादीत असू द्या.

शिळाप्रेस:
मान्य. 'धग' दुसऱ्या क्रमांकावर आणि 'रणांगण' तिसऱ्या. असूड मधूनच उघडून वाचण्यावर मात्र माझा आक्षेप आहे, तो युक्तिवाद आहे, तोडून वाचला की नुसता त्रागा वाटतो.

कोरडवाहू:
अर्धा वाचून सोडण्यापेक्षा मधून वाचलेला बरा.

ओसरीवरचा:
छान. यातलं फुकट आणि कायदेशीर काय मिळेल? आणि जुने शब्द अडले तर कुठे बघायचे?

दप्तरदार:
आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढल्या वर्षारंभापासून मोजायचे. हरिभाऊ आणि गडकरी गेले १९१९ ला, लक्ष्मीबाई १९३६ ला, साने गुरुजी १९५० ला, तेव्हा हे सगळे मोकळे. चिं. वि. जोशी १९६३ ला गेले, म्हणजे चिमणराव-गुंड्याभाऊ २०२४ पासून मोकळे. माडगूळकर २००१ ला गेले. बनगरवाडीची पीडीएफ कुणी फिरवत असेल तर ती चोरीची. आणखी एक, मूळ मजकूर मोकळा असला तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या नसतात.

आधी मराठी विकिस्रोतावर बघा, तिथला मजकूर टंकलेला असल्याने शोधता येतो आणि अक्षर मोठं करता येतं. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर पीडीएफ आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी नुसते स्कॅन. सहा इंची फोनवर स्कॅन उभा वाचला की सगळ्यांत आधी रफार आणि टिंब दिसेनासे होतात, म्हणजे रफार यांनी सांगितलेली खूणच गेली. फोन आडवा धरा, ॲपमध्ये समास कापायची सोय असेल तर कापा. उतरवल्यावर शेवटचं पान आणि मधली दहा-बारा पानं तपासा. पानं गायब असणं, दोनदा येणं हे नेहमीचं.

शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शब्द सापडत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण गोम लेखनात असते. कोशात क्रियापद 'करणें' असं आहे, 'करणे' असं नाही. शेवटी टिंब देऊन बघा, आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. पानागणिक चार-पाच शब्द अडत असतील तर थांबू नका, तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच बघा.

काजळदिवा:
नाटकं वाचतं का कुणी? 'एकच प्याला' घेऊ का?

रफार:
आधी देवलांचे 'शारदा' (१८९९). भाषा साधी आहे. त्यातली पदे गाळू नका, कथानक पदांतूनही पुढे सरकते. 'एकच प्याला'तली पदे पहिल्या वाचनात सोडलीत तरी चालेल, ती गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकऱ्यांची लांब भाषणे मात्र मोठ्याने वाचा. मनात वाचली की अनुप्रासांचा कंटाळा येतो, तोंडाने म्हटली की दम कुठे घ्यायचा ते कळते. तळीरामाचे प्रवेश आधी वाचलेत तरी बिघडत नाही.

दप्तरदार:
आणि कादंबरी-नाटकाचा कंटाळा आला तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला उत्तरेत जातो आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडतो. झांशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो आत होता. आवृत्ती बघून घ्या. १९०७ ची चिं. वि. वैद्यांची आहे, तीत मूळ मजकुरावर हात फिरवलेला आहे. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला मूळ हस्तलिखितावरून छापली, तीवर आधारलेली घ्या. विरामचिन्हांची सवय व्हायला थोडी पानं जातील. दुकानदार 'दोन्ही एकच' म्हणेल, संपादकाचं नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.