‘ठाण्यातच’चं इंग्रजी काय? ‘ओन्ली’ मागे लावायचा की ‘राइट’ आधी?

संध्यावर्ग (धागाकर्ती)
दादरला मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, दिवसभर नोकरी करून येणारी. परवा त्यातल्या एकाची ऑनलाइन मुलाखत झाली. प्रश्न विचारणाऱ्या बाई परदेशातल्या. सध्या कुठे काम करतोस, या प्रश्नावर तो म्हणाला, ‘आय वर्क इन ठाणे ओन्ली.’ त्याच्या मनात होतं, ‘इथे ठाण्यातच, जवळच.’ बाईंनी बहुधा ऐकलं, ‘ठाणे सोडून कुठे जाणार नाही.’ बदलीबद्दल बाकीच्यांना विचारलं, याला नाही. निवड झाली नाही. कारण तेवढंच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून जात नाही आणि माझ्याही.

आपला ‘च’ शब्दाच्या शेपटीला लागतो. इंग्रजीत जोर देणारा शब्द ‘इन’, ‘टू’, ‘बिफोर’च्या आधी उभा राहतो: ‘राइट इन फ्रंट ऑफ द स्टेशन’, ‘स्ट्रेट टू द हॉस्पिटल’, ‘वेल बिफोर सेव्हन’, ‘ऑल द वे टू विरार’. ही रचना आपल्याला परकीही नाही. अगदी स्टेशनसमोर, थेट दवाखान्यात, सातच्या बऱ्याच आधी, पार विरारपर्यंत. ऐन गर्दीत, भर रस्त्यात! शिक्षकाने फक्त याकडे बोट दाखवायचं. पण शाळेत ‘अगदी म्हणजे व्हेरी’ एवढंच पाठ होतं आणि मुलं ‘व्हेरी इन फ्रंट ऑफ’ लिहितात. जवळ असणं कमी-जास्त असतं म्हणून ‘व्हेरी निअर’ चालतं. समोर असणं मोजत नाहीत, तिथे ‘राइट’ लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. शेवटी लावलेला हा ‘ओन्ली’ चूक धरावा आणि ‘राइट’, ‘स्ट्रेट’, ‘वेल’ आठवीपासून शिकवावेत.

लालबागकर
पूर्ण असहमत. हिंदीचा ‘ही’, गुजरातीचा ‘ज’, मराठीचा ‘च’, सगळे शब्दाच्या मागेच लागतात. मग या सगळ्यांच्या इंग्रजीत ‘ओन्ली’ मागे गेला तर नवल काय? आमच्या ऑफिसात तमिळ, गुजराती, मराठी सगळे आहेत. ‘आय एम इन ऑफिस ओन्ली’ कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. भारतीय इंग्रजीवर लिहिणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनीही या ‘ओन्ली’ची वेगळी नोंद घेतली आहे. आणि ‘लेडीज ओन्ली’ लिहिताना इंग्रजही तो मागेच ठेवतो ना?

ताई, तुम्ही ‘चूक’ म्हणता तेव्हा काय होतं ते सांगतो. नोकरीची पहिली पाच वर्षं मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, कारण प्रत्येक वाक्यात चूक निघेल अशी भीती होती. त्या मुलाच्या बाबतीत न विचारता अर्थ लावणाऱ्या बाई चुकल्या.

संध्यावर्ग
‘लेडीज ओन्ली’मध्ये दुसऱ्याला वगळायचंच आहे. मराठी पाटी ‘फक्त महिलांसाठी’ असते. ‘ठाण्यातच काम करतो’ यात तो मुलगा कुणाला वगळत होता? अडचण तिथेच आहे. आणि बाई चुकल्या हे मान्य केलं, तरी नोकरी हुकली ती मुलाची.

मुद्रितशोधक
मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात, कारण तुम्ही दोघं ‘च’ एकच धरून चालला आहात. ‘तिथेच थांब, हलू नकोस’ म्हणजे ‘राइट देअर’. ‘हे तिथेच मिळतं’ म्हणजे ‘ओन्ली देअर’. ‘त्याच दुकानात’ म्हटलं तर ‘इन द सेम शॉप’, आणि आणखी ठासून सांगायचं तर ‘इन दॅट व्हेरी शॉप’. या तिसऱ्यात जोर ‘इन’च्या आधी नाही, त्याच्या पुढे, आत शिरला. एका अक्षराची इंग्रजीत तीन ठिकाणं होतात. ‘आधी लावा’ असा नियम फळ्यावर लिहिलात तर मुलं पुन्हा तोंडावर आपटतील.

‘ओन्ली’च्या जागेवरून इंग्रज स्वतःही भांडत आलेत. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ साली ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ या वाक्याची बाजू घेतली. तर्काने बघायचं तर ‘ओन्ली’ ‘अ वीक अगो’ला चिकटायला हवा, पण बोलणारा तो क्रियापदाजवळ ठेवतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

आणखी एक. अहवाल तपासताना मी निम्मे ‘राइट’ खोडतो. पत्त्यात ‘ऑपोझिट’ पुरतं.

औषधांच्या काउंटरवरून
खोडण्याला माझा विरोध आहे. परदेशी गिऱ्हाइकाला मी वर्षानुवर्षं नुसतं ‘बिफोर फूड’ सांगायचे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. ॲकारबोज ही मधुमेहाची गोळी पहिल्या घासाबरोबर. ‘बिफोर फूड’ ऐकून लोक पहिली गोळीही चहाचा कप हातात घेऊनच घेतात. आता पहिल्यासाठी ‘वेल बिफोर ब्रेकफास्ट’ आणि पुढे मिनिटं, दुसऱ्यासाठी ‘विथ द फर्स्ट बाइट’ म्हणते. ‘वेल बिफोर’ आणि ‘जस्ट बिफोर’ यांत किती फरक आहे हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पत्त्याचंही तेच. सीएसएमटीच्या समोर म्हटलं तर टॅक्सी, भुयारी मार्ग, महापालिकेची इमारत, सगळंच समोर. ‘राइट आउटसाइड द मेन गेट’ म्हटलं की माणूस सापडतो.

मुद्रितशोधक
औषधाच्या बाबतीत शब्द मागे घेतो. ‘वेल’ खोडू नये, तो माहिती देतो. ‘राइट’ मात्र मी प्रत्येक वेळी तपासणार. आणि तो सगळीकडे बसतही नाही. जागा, दिशा, वेळ एवढ्यांपुरताच. ‘राइट डिस्पाइट’ कुणी म्हणत नाही.

लालबागकर
तीन ‘च’ वेगळे करणं पटलं. तरी माझा चौथा ‘च’ राहतोच. मित्र फोनवर विचारतो, येऊ का? मी म्हणतो, ‘ये ना, मी घरीच आहे.’ यात वगळणं नाही, नेमकी जागा सांगणं नाही, ‘त्याच’ नाही. यात ‘संकोच करू नकोस’ आहे. ताई, याला ‘राइट’ लावून दाखवा. ‘आय एम राइट ॲट होम’ म्हणू?

संध्यावर्ग
नाही, त्याचा अर्थच वेगळा होईल. मी ‘आय एम ॲट होम’ शिकवते आणि आवाजाचा जोर ‘होम’वर टाकायला सांगते. पण खरं आहे, त्यात तो ‘ये ना’ उतरत नाही. ‘चूक’ हा शब्द मागे घेते. मुलाखतीत ‘ओन्ली’ टाळा, हे मात्र सांगत राहणार.

मुद्रितशोधक
‘आय एम ॲट होम एनीवे.’

लालबागकर
हं. हेच. आणि बघा, शब्द शेवटीच लागला.

संध्यावर्ग
लागला. मुलाखतीतल्या त्या वाक्यालाही हा बसणार नाही, पण ‘घरीच’ आणि ‘एनीवे’ उद्या पहिल्या दहा मिनिटांत घेते.