कोड एक, कारणं तीन

"एरर कोड परत दिला की कर्नलचं काम संपलं, मजकूर कशाला वाढवायचा?" हे वरचं मत काही पटलं नाही, भाऊ. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; काही अडलं की तो प्रोग्रामला एक नंबर परत देतो, तोच एरर कोड.)

सावद्याला एका केळीवाल्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्याला लिनक्सचा पीसी जोडलाय. मे महिना, बाहेर ट्रकांची रांग, आणि पावती निघेना. लॉगमध्ये एवढंच: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क तर निम्मी रिकामी! मी जळगावहून फोनवर तासभर मोठमोठ्या फाइली उडवायला सांगत बसलो. शेवटी डिस्कचा हिशोब दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडला 'आय' लावून पाहिलं, तर जागा होती, आयनोड (दर फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले होते. दर वजनाला एक इवलीशी फाइल बनत होती, वर्षानुवर्षं.

जागा संपो की आयनोड, कर्नल परत देतो तो 28 नंबरच. आयनॉटिफायचे (फाइल बदलली की कळवणाऱ्या सोयीचे) वॉच संपले तरी 28च. मग वापरणाऱ्याने काय ओळखायचं, कपाळ?

नंबर आता बदलता येणार नाही, जुने प्रोग्राम त्यावर चालतात, हे मान्य. पण लॉगमधली ओळ तर आपल्या हातात आहे ना? ड्रायव्हरमध्ये (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडमध्ये) लॉगला ओळ लिहिणारं नुसतं 'प्रिंटके' न वापरता 'डेव्ह एर' वापरलं तर ड्रायव्हरचं आणि डिव्हाइसचं नाव आपोआप छापलं जातं. पुढे किती बाइट मागितले, किती मिळाले, एवढं लिहा. 'फेल्ड' एकटं नको. आणि तीच ओळ सेकंदाला शंभरदा येणार असेल तर रेटलिमिटवाला, म्हणजे ठरावीक वेळात मोजक्याच ओळी छापणारा, प्रकार घ्या, नाहीतर लॉगनेच डिस्क भरेल आणि परत 28.