खोलीवर मासे: एक शेगडी, एक तवा, बेताचे पैसे (अनुभव धागा)

शिकायला घराबाहेर राहणाऱ्यांसाठी हा धागा. पापलेट-सुरमई तूर्त बाजूला ठेवू. बांगडा, तारली, मांदेली, जवळा यांचं रात्रीचं जेवण कसं करता ते लिहा. प्रमाण आणि कुठे बिघडतं, दोन्ही हवं.

*

बांगड्याचं तिखलं. दोघांना दोन मध्यम बांगडे, एकाचे तीन तुकडे. सहा-सात तिरफळांतलं (कोकणात मसाल्याला वापरतात ती सुकी फळं) काळं बी काढून टरफलं नुसती ठेचायची, वाटायची नाहीत, नाहीतर रस्सा कडवट होतो. दीड चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, चार आमसुलं, मीठ, वाटीभर पाणी. उकळी फुटली की मग मासे, मंद आचेवर 7-8 मिनिटं. डाव अजिबात घालू नका, पातेलंच धरून हलवा. बांगडा शिजला की लगेच मोडतो. उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल. नारळ नाही, कांदा नाही, म्हणून खिशाला परवडतं, आणि मुरल्यावर चव वाढते.

*

बांगडा घेताना कल्ले लाल हवेत, आणि पोट दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. पोट फुटलेला निम्म्या भावात मिळाला तरी नको. बांगडा, तारली बर्फाविना राहिली की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. म्हणून मासळी सगळ्यात शेवटी घ्या आणि थेट खोली गाठा. साफ मासेवाल्या मावशींकडूनच करून घ्या, पण डोकी टाकू देऊ नका. रस्स्याची अर्धी चव त्यांतच असते.

*

तळताना मासा तव्याला चिकटतो तो तीन कारणांनी: तवा नीट तापलेला नसतो, मासा ओला असतो किंवा उलटायची घाई होते. हळद-मीठ-आगळ (कोकमाचा रस) लावून 15 मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी निथळून टाका, मगच तिखट लावा. रवा तव्यात सोडायच्या क्षणी. आधी लावून ठेवला तर भिजून निघून येतो. कडा तांबूस झाल्या की मासा आपणहून सुटतो, तोवर उलथनं लांब ठेवा.

*

मांदेली पावशेर. तांदळाचं पीठ दोन भाग, रवा एक भाग. एका वेळी तव्यात सात-आठच, गर्दी केली की वाफेने मऊ पडतात. कुरकुरीत झाली तर काट्यासकट खाता येतात.

*

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी महागते. तेव्हा सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबीसारखी मासळी. वाटीभर जवळा कोरडाच मंद आचेवर 3-4 मिनिटं भाजा, मग पाण्यात सोडून वरचेवर हाताने उचलून घ्या, रेती तळाशी बसते. असं तीनदा. धुऊन मग भाजलात तर ओलसर वास राहतो. दोन कांदे, चार लसूण पाकळ्या, तिखट, तीन आमसुलं, पाच मिनिटं झाकण. मीठ चाखून, शेवटी.

*

परदेशात डब्यातला बांगडा स्वस्त पडतो. तो शिजलेलाच असतो, त्यामुळे कांदा-टोमॅटो-मसाला पूर्ण परतून तेल सुटल्यावर तो घाला आणि दोनच मिनिटं ठेवा. मिठाच्या पाण्यातला असेल तर निथळून घ्या आणि वरून मीठ घालू नका.