मदत हवी आहे: तीन संघांचे गुण समान झाले तर क्रमवारी कशी लावतात?

भारताच्या महिला आइस हॉकी संघाने 2025 च्या आशिया चषकात कांस्य मिळवलं, तेव्हापासून छोट्या संघांच्या स्पर्धांचे गुणतक्ते मी स्वतः मांडून बघतो. एका ठिकाणी गाडी अडली आहे.

मूळ हिशोब कळतो: निर्धारित वेळेत जिंकल्यास 3 गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटवर जिंकल्यास 2, तसं हरल्यास 1. दोन संघ बरोबरीत असतील तर त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघायचा, हेही ठीक. खरी गोची तिघांची होते. अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने अ ला हरवलं, सगळे निर्धारित वेळेत. मग त्या तिघांचाच वेगळा तक्ता करून गोलफरक काढायचा, इथवर नियमात वाचलं. इतर संघांवर केलेले डझनभर गोल तिथे धरत नाहीत (बरंच आहे ते).

समजा गोलफरकाने अ वर गेला, पण ब आणि क चा गोलफरकही सारखाच. आता त्या दोघांसाठी आपसातला सामना बघायचा, की तिघांच्या तक्त्यातलेच केलेले गोल मोजायचे? स्पर्धा एकेरी साखळीची आहे, अंतिम सामना नाही, त्यामुळे पदक यावरच ठरतं. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम नेमका काय सांगतो?